"पहिलं चतुर्थक चुकतंय" अशी तक्रार आली आहे. बग म्हणून नोंदवायची का?

घोडबंदरचा_मध्यक
नमस्कार मंडळी,

आम्ही चार-पाच जण (नौपाडा, माजिवडा, ऐरोली, नेरुळ असे विखुरलेले) फावल्या वेळात आर या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेसाठी एक छोटं पॅकेज (तयार फंक्शन्सचा संच) सांभाळतो. काम साधं आहे. शाळा-कॉलेजच्या प्रकल्पांसाठी सारांश-तक्ते काढून द्यायचे, मराठी मथळ्यांसकट. पैसे कोणी घेत नाही आणि कोणी देतही नाही.

परवा एका ज्युनिअर कॉलेजच्या मॅडमची तक्रार आली. "तुमचं पहिलं चतुर्थक चुकतं, मुलांचे मार्क जातात." (पहिलं चतुर्थक म्हणजे ज्याच्या खाली पाव आकडे येतात तो आकडा.) सोबत आठ आकडे दिले होते: १०, १२, १५, १८, २०, २४, ३०, ४०. पुस्तकातल्या रीतीने (एन + १) भागिले ४, म्हणजे २.२५वं निरीक्षण, उत्तर १२.७५. आमचा तक्ता म्हणतो १४.२५.

यावरून आमच्यात दोन तट पडलेत. काही जण म्हणतात, वापरणारे सगळे इथलेच विद्यार्थी आहेत, तर डीफॉल्ट (काही न सांगता लागणारी रीत) बदलून पुस्तकासारखं करून टाका. बाकीचे म्हणतात, आरचं मूळ क्वांटाइल फंक्शन (चतुर्थकं काढणारं) जे देतं तेच द्यायचं, आपण मध्ये लुडबुड करायची नाही. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे, पण "आमचं बरोबर आहे" एवढंच लिहून तक्रार बंद करायला हात धजत नाही. तुम्ही असता तर काय केलं असतं?

तिरकस
मॅडमना सांगा, पाव भाग इकडेतिकडे झाल्याने काही बिघडत नाही. (दिवे घ्या.)

वसुधा_नेरुळ
बग नाही. पण "बग नाही" म्हणून सोडून देण्यासारखंही नाही. थोडं सविस्तर लिहिते, कारण हा प्रश्न दर सहा महिन्यांनी कोणीतरी विचारतंच.

चतुर्थकाची एकच एक व्याख्या नाही. हाइंडमन आणि फॅन यांनी १९९६ साली 'द अमेरिकन स्टॅटिस्टिशियन'मध्ये वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमधल्या नऊ रीती एकत्र मांडल्या. आरच्या क्वांटाइलमध्ये त्या नऊच्या नऊ आहेत, टाइप १ ते ९ अशा नावांनी. टाइप ७ डीफॉल्ट आहे, कारण आर ज्या एस भाषेवरून आली तिच्यात तीच रीत होती. तुमच्या मॅडमची रीत म्हणजे टाइप ६. मिनीटॅब आणि एसपीएसएस ही सॉफ्टवेअरं तीच वापरतात. गंमत म्हणजे हाइंडमन-फॅन यांची स्वतःची शिफारस या दोन्हींना नाही, टाइप ८ ला आहे. तुमच्या आकड्यांवर ती १३.२५ देते.

आता खरी मजा. हेच आठ आकडे आरमध्ये टाकून समरी काढा, १४.२५ मिळेल. मग साधा बॉक्सप्लॉट (चतुर्थकांच्या डब्याचा आलेख) काढा. डब्याची खालची कड १३.५ वर येईल! कारण बॉक्सप्लॉट क्वांटाइल वापरतच नाही. तो संख्याशास्त्रज्ञ टुकी यांच्या पद्धतीने खालच्या अर्ध्या भागाचा मध्यक घेतो: १०, १२, १५, १८ यांचा मध्यक १३.५. जीजीप्लॉट (आलेखांचं दुसरं पॅकेज) मात्र परत १४.२५ वर जातो. म्हणजे एका विद्यार्थिनीने तक्ता एका फंक्शनने आणि चित्र दुसऱ्याने काढलं, तर एकाच पानावर दोन उत्तरं, आणि दोन्ही कागदोपत्री बरोबर.

तिरकस
आठ आकडे, चार उत्तरं. संख्याशास्त्रज्ञांच्या सोसायटीची वार्षिक सभा कधी संपत असेल?

ऐरोली_लूप
यासाठीच सांगतो, पायथन घ्या. हाकानाका.

वसुधा_नेरुळ
@ऐरोली_लूप, नम्पायचं (पायथनच्या आकडेमोडीच्या पॅकेजचं) परसेंटाइलही १४.२५च देतं. तीच रीत आहे, नाव फक्त 'लिनिअर'. आणि प्रमाण विचलनाचं काय? नम्पाय एनने भागतं, पांडाज (पायथनचंच दुसरं पॅकेज) एन वजा १ ने. एकाच घरात दोन भाऊ, दोघांचे हिशेब वेगळे.

ऐरोली_लूप
बरं, शरण. पण इथे बसून वाचतो. पॉपकॉर्न आणलेत.

सानपाड्याचे_आबा
मी तीसेक वर्षं अकरावी-बारावीला संख्याशास्त्र शिकवलं, आता निवृत्त. त्या मॅडमची बाजू मांडतो, कारण इथे सगळे सॉफ्टवेअरवाले जमलेत.

पुस्तकातली रीत हाताने करायची आहे. कागद, पेन्सिल, आकडे चढत्या क्रमाने लावायचे, (एन + १) भागिले ४ काढायचं, मधला अपूर्णांक असेल तर शेजारच्या दोन आकड्यांमधून वाटून घ्यायचा. सोपी आहे, तपासता येते, आणि पेपर तपासणाऱ्याकडे उत्तरसूची तीच असते. मुलगा जर म्हणाला "सर, संगणकाने १४.२५ दिलं", तर मी त्याला मार्क कशाच्या आधारावर देऊ? तुम्ही म्हणता ती रीतही बरोबर. असेल. पण तुमचं पॅकेज ज्यांच्यासाठी आहे, ते तुमच्या टाइप सातसाठी जन्माला आलेले नाहीत.

दुसरं असं की आकडे हजार झाले की या सगळ्या रीती जवळजवळ एकाच ठिकाणी येतात. भांडण आहे ते आठ-दहा आकड्यांचं, आणि आठ-दहा आकडे असतात ते फक्त वर्गात. म्हणजे तुमच्याच वापरकर्त्यांना सगळ्यात जास्त फटका बसतो. माझं मत, डीफॉल्ट बदला.

घोडबंदरचा_मध्यक
आबा, "फटका वर्गातच बसतो" हा मुद्दा आमच्या डोक्यातच आला नव्हता.

कळवा_स्लो
आबांचा आदर राखून असहमत. डीफॉल्ट बदलणं वरवर दिसतं तेवढं स्वस्त नसतं.

दोन उदाहरणं देतो. एक, आर ३.६.० (एप्रिल २०१९). त्यात सॅम्पल (यादृच्छिक नमुना काढणाऱ्या) फंक्शनची आतली पद्धत बदलली. जुनी पद्धत मोठ्या संचातून निवडताना सगळ्यांना सारखी संधी देत नव्हती, म्हणजे चूक खरी होती. तरी बदलल्यावर काय झालं? तोच सीड (यादृच्छिक निवडीचा सुरुवातीचा आकडा), तोच कोड, पण नमुना वेगळा. आमच्या ओळखीतल्या एका मुलीचा प्रबंध अर्ध्यावर होता. तिने आर अपडेट केली आणि आधीच्या प्रकरणातले आकडे परत जुळेनात. सुदैवाने आरच्या कोअर टीमने जुन्या पद्धतीचं दार उघडं ठेवलं होतं, आरएनजी-काइंडमध्ये सॅम्पल-काइंड 'राउंडिंग' दिलं की जुनं वागणं परत मिळतं.

दोन, स्ट्रिंग्ज-अ‍ॅज-फॅक्टर्स. कितीतरी वर्षं लोक बोटं मोडत होते की मजकुराचा कॉलम आपोआप फॅक्टर (ठरावीक गटांची यादी) का होतो. शेवटी आर ४.०.० ला, एप्रिल २०२० मध्ये, डीफॉल्ट बदललं. सगळे खूश. पण ज्यांचा जुना कोड त्या वागण्यावर उभा होता, त्यांनी पुढचे महिने काय केलं असेल त्याचा अंदाज करा.

सॅम्पलमध्ये चूक होती, म्हणून बदल हवाच होता. क्वांटाइलमध्ये चूक नाहीये. नुसत्या आवडीसाठी डीफॉल्ट बदलायचं असेल तर मग उद्या सीबीएसईवाले येतील, परवा एक्सेलवाले.

पामबीच_पी_व्हॅल्यू
एक्सेलवाले कशाला येतील? एक्सेलमध्ये दोन्ही आहेत. क्वार्टाइल डॉट आयएनसी १४.२५ देतं, डॉट ईएक्ससी १२.७५. ज्याने त्याने आपापलं घ्यावं.

तिरकस
एक्सेलने समजूतदारपणा दाखवल्याची ही पहिलीच नोंद असावी. याच एक्सेलने जनुकांच्या नावांच्या तारखा केल्या होत्या, आणि शेवटी २०२० मध्ये जनुकांनाच नावं बदलावी लागली. सेप्ट-१ चं सेप्टिन-१ झालं. एक्सेल तेव्हा तरी जागचं हललं नाही.

चेकनाक्यापलीकडे
मी ठाणेकर नाही, मुलुंडचा. चेकनाक्याच्या पलीकडून आलोय, चालवून घ्या.

'बग की वैशिष्ट्य' यावर आमच्या भागातलं उदाहरण. मुंबई महापालिकेचे वॉर्ड अक्षरांनी ओळखले जातात. भांडुप एस, घाटकोपर एन, मुलुंड टी. प्रत्येक वॉर्डची वेगळी सीएसव्ही फाइल होती, एकेक वाचून एकाखाली एक जोडायच्या. जोडल्या. वॉर्डनिहाय तक्ता काढला तर त्यात एस आहे, एन आहे, आणि एक 'ट्रू' नावाचा वॉर्ड आहे. मुलुंड गायब!

कारण असं की रीड-सीएसव्ही (फाइल वाचणारं फंक्शन) कॉलमचा प्रकार स्वतः ओळखायला जातं. कॉलमभर नुसती कॅपिटल टी दिसली की ते समजतं हा तार्किक कॉलम आहे, टी म्हणजे ट्रू. फाइलमध्ये एफ सोडून दुसरं एखादं अक्षर असतं तर झालं नसतं. कोल-क्लासेसमध्ये (कॉलमचे प्रकार सांगायची जागा) 'कॅरेक्टर' सांगितलं की प्रश्न मिटतो. मदत-पानावर हे सगळं लिहिलेलं आहे, म्हणजे बग नाही. पण मुलुंडच्या लोकसंख्येला विचारा.

खारघर_नवखी
😂😂 मुलुंड इज ट्रू.

ऐरोली_लूप
सत्यमेव जयते.

वसुधा_नेरुळ
नामिबियाचंही हेच दुखणं. देशाचा दोन अक्षरी कोड एनए, आणि आर म्हणते माहिती उपलब्ध नाही.

पामबीच_पी_व्हॅल्यू
थोडं अवांतर, पण तुमच्या पॅकेजशी संबंधित आहे. देवनागरी आकड्यांचं तुम्ही काय करता? शाळांकडून येणाऱ्या फाइलींत निम्मे आकडे "१२३" असे असतात. आरच्या अ‍ॅज-न्यूमेरिकला ते दिले की एनए, आणि वर एक इशारा. कोणी इशारा वाचत नाही. मग सरासरी काढताना एनए गाळले जातात, आणि मराठीत आकडे लिहिणारी शाळा गुपचूप हिशेबातून बाहेर.

ऐरोली_लूप
अहो, पायथनमध्ये इंट फंक्शनला "१२३" द्या, सरळ एकशे तेवीस मिळतात. फ्लोटला "१२.५" द्या, साडेबारा. काही करावं लागत नाही.

वसुधा_नेरुळ
हे मात्र खरं आहे. इथे तुम्हाला पूर्ण मार्क.

ऐरोली_लूप
या प्रतिसादाचा स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

घोडबंदरचा_मध्यक
@पामबीच, आम्ही चार्टर फंक्शनने शून्य ते नऊ ही देवनागरी अक्षरं इंग्रजी आकड्यांत बदलून घेतो आणि मगच अंक करतो. दोन ओळींचं काम आहे, पण कोणत्या कॉलमला करायचं ते वापरणाऱ्याला विचारतो. इमारतीचं नाव "सदनिका १२" असेल तर ते बदलायचं नाहीये.

जास्त डोकेदुखी विंडोजची होती. आर ४.२.० च्या आधी (तो २०२२ चा) विंडोजवर मराठी मजकूर छापला की "ठाणे"च्या जागी <यू+०९२०> वगैरे भूतं दिसायची. ४.२.० पासून विंडोज १० च्या नव्या आवृत्त्यांवर आर स्वतःच यूटीएफ-८ मध्ये (सगळ्या लिप्या चालणाऱ्या संकेतनात) चालते, तेव्हापासून निम्म्या तक्रारी बंद झाल्या. उरलेल्या निम्म्या जुन्या लॅबमधून येतात, तिथे अजून ३.५ आहे आणि अपडेट करायचा पासवर्ड कोणाकडे आहे ते कोणालाच माहीत नाही.

आलेखावरची नावं छोटी करताना अजून एक गंमत. "ठाणे" म्हणजे आरच्या लेखी चार अक्षरं: ठ, काना, ण, मात्रा. पहिली तीन ठेवा म्हटलं की "ठाण" उरतं. मात्रा तोडल्याबद्दल एका आजोबांचा मेल आला होता. तो बग आम्ही लगेच दुरुस्त केला, आता तुकडे दिसणाऱ्या अक्षरांप्रमाणे पडतात.

सानपाड्याचे_आबा
ते आजोबा मी नव्हे. पण त्यांना माझा पाठिंबा.

खारघर_नवखी
मी एस.वाय.बी.एस्सी.ला आहे (संख्याशास्त्र). मला अशा कामात भाग घ्यायचाय, पण सी भाषा येत नाही, आरसुद्धा जेमतेम. माझा काही उपयोग होईल का? आणि मूळ आरमध्ये बग सापडला तर थेट कळवता येतो का?

कळवा_स्लो
उपयोग नक्की होईल. मूळ आरची बगझिला (बग नोंदवायची साइट) आहे, पण तिथलं खातं आपोआप उघडत नाही. स्पॅमचा सुळसुळाट झाल्यावर त्यांनी ते बंद केलं, आता मेल करून मागावं लागतं. 'आर डेव्हलपमेंट गाइड' आधी वाच, त्यात बग कसा लिहायचा, कसा तपासायचा सगळं आहे. सुरुवात दुसऱ्यांचे बग तपासण्यापासून कर. जुनी तक्रार उघडायची, आपल्या मशीनवर तसंच होतं का बघायचं, आणि होत असेल तर पाच ओळींचं उदाहरण करून खाली जोडायचं. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींतल्या निम्म्याहून जास्त "चालत नाही" एवढ्याच असतात. कोणती आवृत्ती, कुठलं ऑपरेटिंग सिस्टिम, कुठला डेटा, काही नाही. सेशन-इन्फोची (आवृत्त्यांची माहिती देणाऱ्या फंक्शनची) प्रत चिकटवलीस तरी अर्धं काम झालं.

आर अजून कच्ची असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर आरचे धडे आहेत. फुकट.

पामबीच_पी_व्हॅल्यू
नोकरीला लागल्यावर एक लक्षात ठेव. नेमणूकपत्रात बहुतेक वेळा एक कलम असतं की तुम्ही जे काही लिहाल ते कंपनीचं. घरी, रविवारी, स्वतःच्या लॅपटॉपवर लिहिलेलंसुद्धा त्यात ओढलं जाऊ शकतं. माझ्या आधीच्या कंपनीने (नाव नको) दोन ओळींच्या पॅचसाठी (कोडच्या दुरुस्तीसाठी) परवानगी द्यायला इतका वेळ लावला की तोवर तो बग दुसऱ्या कोणीतरी दुरुस्त केला. लेखी परवानगी रुजू होतानाच मागून घ्यायची. नंतर एचआर ओळख दाखवत नाही.

तिरकस
आणि पगार?

पामबीच_पी_व्हॅल्यू
कशाचा?

तिरकस
तेच विचारतोय.

कळवा_स्लो
हसण्यावारी नेऊ नका. क्रॅनवर (आरच्या पॅकेजांच्या भांडारात) वीस हजारांहून जास्त पॅकेजं आहेत आणि त्यातली बरीचशी एकेका माणसाच्या रात्रींवर उभी आहेत. २०२४ च्या मार्चमधलं एक्सझेड या फाइली दाबणाऱ्या लायब्ररीचं प्रकरण आठवा. सांभाळणारा एकटा आणि थकलेला. "अपडेट का देत नाही" म्हणून मागे लागणारे लोक, आणि मदतीला आलेला एक 'सज्जन', ज्याने दोनेक वर्षं विश्वास कमावून शेवटी मागचं दार बसवलं. सापडलं कसं? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणाऱ्या इंजिनिअरला एसएसएचचं (दूरच्या संगणकावर जाण्याचं) लॉगिन अर्धा सेकंद जास्त घेतंय असं जाणवलं आणि त्याने पिच्छा सोडला नाही. आरच्या बांधणीलाही तीच लायब्ररी लागते. म्हणजे आपल्या आठ आकड्यांच्या चतुर्थकाखाली काय काय आहे बघा.

म्हणून मी उद्धट तक्रारींना उत्तरच देत नाही. मॅडमची तक्रार तशी नाही, आकडे दिलेत, रीत दिली, अपेक्षित उत्तर दिलं. अशी तक्रार शंभरात एक येते.

सानपाड्याचे_आबा
शिक्षिका आहेत. उत्तरासोबत रीत लिहायची सवय असते.

चेकनाक्यापलीकडे
+१

वसुधा_नेरुळ
अजून एक 'बग' जो बग नाही. आरमधलं महालनोबिस फंक्शन (संख्याशास्त्रज्ञ प्र. चं. महालनोबिस यांच्या नावाचं) अंतर देत नाही, अंतराचा वर्ग देतं. मदत-पानावर स्पष्ट लिहिलंय, तरी लोक वर्गमूळ न घेता तेच अंतर म्हणून छापतात.

सानपाड्याचे_आबा
महालनोबिसांचं नाव निघालं म्हणून सांगतो. आपल्याकडच्या माणसाचंही नाव आरच्या आज्ञांमध्ये आहे. दा. ध. कोसंबी. जनुकांच्या नकाशासाठी त्यांनी १९४४ मध्ये दिलेलं सूत्र आर-क्यूटीएल या पॅकेजमध्ये 'कोसंबी' म्हणूनच निवडता येतं. लोक त्यांना इतिहासकार म्हणून ओळखतात, तिकडे गव्हाचे आणि उंदरांचे अभ्यास करणारे त्यांच्या नावाने कोड चालवतात.

खारघर_नवखी
हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही! वाखूसा (वाचनखूण साठवली).

तिरकस
धागा चतुर्थकावरून उंदरांवर आला. संपादक मंडळ जागं आहे का?

घोडबंदरचा_मध्यक
परत रुळावर आणतो. काल आमचं बोलणं झालं, तलावपाळीला बसून. आबांचा मुद्दा आणि कळवा_स्लो यांचा मुद्दा दोन्ही धरून असं ठरलं:

डीफॉल्ट टाइप ७च राहील. पण तक्त्याच्या खाली कोणती रीत वापरली ते प्रत्येक वेळी छापून येईल, बंद करता येणार नाही. 'पाठ्यपुस्तक' असा एक पर्याय देतोय, तो दिला की टाइप ६ लागेल आणि तळटीपेत (एन + १)ची रीत असं येईल. बॉक्सप्लॉटही आता तक्त्याचीच रीत घेईल, म्हणजे वसुधाताईंनी सांगितलेला एका पानावर दोन उत्तरांचा घोळ आमच्याकडून तरी होणार नाही. मॅडमना तसं लिहिलं. त्यांनी विचारलं, पर्याय वर्गातल्या सगळ्या मशीनवर एकदाच लावता येईल का. येईल, आरच्या सुरुवातीच्या प्रोफाइल फाइलमध्ये एक ओळ घालून. ती ओळही पाठवली.

सानपाड्याचे_आबा
डीफॉल्ट बदलायला हवं होतं असं माझं अजूनही मत आहे. वर्गात जाणारा माणूस प्रोफाइल फाइल शोधत बसत नाही. पण रीत छापून येणार हे उत्तम. तेवढ्यावर मी तरी मार्क देईन.

कळवा_स्लो
बॉक्सप्लॉट बदलताय म्हणजे जुन्या वापरकर्त्यांचे आलेख बदलणार. न्यूज फाइलमध्ये (बदलांच्या यादीत) पहिल्या ओळीत लिहा, सातव्या नाही.

वसुधा_नेरुळ
पॅच पाहिला. दोन गोष्टी. टेस्टमध्ये फक्त मॅडमचेच आठ आकडे आहेत. एन विषम असलेला एक संच घाला, आणि सगळे आकडे सारखे असलेला एक. दुसरं, एनए आला की क्वांटाइल थेट एरर देऊन थांबतं. तुम्ही ते गुपचूप गाळताय. गाळा, पण किती गाळले ते त्याच तळटीपेत येऊ दे, नाहीतर पामबीच यांची मराठी आकडेवाली शाळा परत गायब होईल.

घोडबंदरचा_मध्यक
घालतो. @खारघर_नवखी, विषम एनच्या टेस्ट तू लिहितेस का? तीन आकड्यांपासून अकरापर्यंत, आधी हाताने सोडवून, दोन्ही रीतींनी.

खारघर_नवखी
हो! उत्तरं आबांकडून तपासून घेऊ का?

सानपाड्याचे_आबा
पाठव. रीतीसकट.